कॉनर बेडार्ड आणि शंभरीतले हॉकी क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागो ब्लॅकहॉक्सने २०२५-२६ हा आपला शंभरावा हंगाम म्हणून साजरा करायला घेतला आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंग बदलला. आधी लोक फक्त बेडार्डबद्दल विचारायचे. आता निम्मे प्रश्न वर्षांच्या हिशेबाचे असतात: शंभर कुठून मोजले, कुणाचे मोजले, मधलं एक वर्ष गेलं कुठे? दोन्ही विषय एकमेकांत इतके गुंतलेत की वेगळी पानं करण्यात अर्थ नव्हता. बेडार्डचे आकडे २०२४-२५ हंगामाच्या अखेरपर्यंतचे आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे येत असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हा कॉनर बेडार्ड नेमका कोण?

कॅनडाचा आइस हॉकीपटू. जन्म १७ जुलै २००५, ब्रिटिश कोलंबियातल्या नॉर्थ व्हँकुव्हरचा. उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे या खेळाच्या मानाने बेताचीच. सेंटरला खेळतो, उजव्या हाताने फटका मारतो, पाठीवर ९८ नंबर. २०२३च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याची पद्धत, प्रश्न ७) शिकागोने त्याला सगळ्यांत पहिला उचलला आणि पहिल्याच हंगामात तो एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगचा, सर्वोत्तम नवोदित ठरला.

त्याचं नाव झालं ते मुख्यतः फटक्यामुळे. बहुतेक खेळाडू स्टिक मागे नेऊन मारतात, त्यामुळे गोलरक्षकाला अंदाज यायला क्षणभर वेळ मिळतो. बेडार्ड पक (रबराची चकती, प्रश्न २) आधी स्वतःच्या पायांकडे ओढतो आणि ओढता ओढताच मनगटाच्या झटक्याने सोडतो. पक निघतो तेव्हा तो मघाच्या जागेपासून हात-दीड हात आत आलेला असतो. आधीच्या कोनावर नजर लावून बसलेला गोलरक्षक फसतो तो इथे. त्याची क्षणचित्रं बघाल तेव्हा पकवर नको, गोलरक्षकाच्या खांद्यावर लक्ष ठेवा. खांदा चुकीच्या बाजूला झुकलेला दिसेल.

२. आपली हॉकी आणि ही हॉकी यांत फरक काय?

नाव आणि स्टिक सोडली तर जवळपास सगळाच. बर्फाच्या रिंकवर एका संघाचे गोलरक्षकासह सहा जण, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, आणि चेंडूऐवजी कडक रबराचा पक: एक इंच जाड, तीन इंच व्यासाचा. खेळाडू चालू खेळात बदलतात. पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं आणि बाकावर येऊन बसायचं, असं सामनाभर चालतं. कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरचीच. भारतीय हॉकीच्या शताब्दीबद्दल विचारायचं असेल तर प्रश्न १६ पाहा.

३. पंधराव्या वर्षी त्याला मोठ्या मुलांच्या लीगमध्ये खेळू कसं दिलं?

कॅनडातल्या मुख्य ज्युनियर लीग तीन: पश्चिमेची डब्ल्यूएचएल, ओंटारिओची ओएचएल आणि क्यूबेकची. इथे साधारण सोळा ते वीस वर्षांची मुलं खेळतात. पंधरा वर्षांच्या मुलाला मोजक्याच सामन्यांत उतरवता येतं. अपवाद फक्त ‘असाधारण खेळाडू’ असा दर्जा मिळालेल्यांचा, आणि तो हॉकी कॅनडा ही संघटना खेळाबरोबर मुलाची समज, शाळा, घर हे सगळं तपासून देते. २००५मध्ये जॉन टव्हारेसपासून ही प्रथा सुरू झाली. पुढे एकब्लॅड, मॅकडेविड, शॉन डे, व्हेलेनो, शेन राइट. बेडार्डला हा दर्जा २०२०मध्ये मिळाला. तो एकूण सातवा आणि पश्चिमेच्या लीगमधला पहिला.

बरेच पालक हा दर्जा म्हणजे यशाचा दाखला समजतात. तसं नाही. शॉन डेला एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत थांबावं लागलं. शेन राइट पहिला जाणार असं वर्षभर बोललं जात होतं, तो चौथा गेला. बेडार्डच्या बाबतीत अंदाज खरा ठरला, एवढंच.

४. रेजायना पॅट्स हा कसला क्लब?

डब्ल्यूएचएलमधला, सास्कॅचेवान प्रांताच्या राजधानीतला. स्थापना १९१७. कॅनडाच्या प्रिन्सेस पॅट्रिशिया पलटणीवरून नाव घेतलं, म्हणून ‘पॅट्स’. ज्युनियर हॉकीत इतका जुना आणि तेच गाव, तेच नाव टिकवून असलेला दुसरा क्लब नाही. २०२०च्या डब्ल्यूएचएल ड्राफ्टमध्ये त्यांनी बेडार्डला पहिल्या क्रमांकावर घेतलं.

या क्लबची शंभरी बेडार्ड येण्याच्या दोनच वर्षं आधी झाली होती. शिवाय २०१८मध्ये ज्युनियर हॉकीची सर्वांत मानाची स्पर्धा, मेमोरियल कप, रेजायनातच भरली आणि ती स्पर्धेची शंभरावी आवृत्ती होती. पहिल्या महायुद्धात पडलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ हा चषक १९१९मध्ये सुरू झाला. पलटणीचं नाव लावणाऱ्या क्लबच्या गावात त्याची शंभरावी खेप यावी, हे जुळून आलं खरं. अंतिम सामना मात्र यजमान ०-३ असा हरले. चषक अकेडी-बाथर्स्टने नेला.

इथे कुणीतरी नेहमी विचारतं: १९१९ अधिक १०० म्हणजे २०१९, मग शंभरावी स्पर्धा २०१८ला कशी? हिशेब प्रश्न १२मध्ये आहे.

५. रेजायनात त्याने असं केलं तरी काय?

पहिला हंगाम, २०२०-२१, करोनामुळे तुकड्यातच झाला. पूर्व विभागातले सगळे संघ रेजायनात एकाच ठिकाणी मुक्कामाला. बेडार्डने १५ सामन्यांत १२ गोल आणि १६ असिस्ट केले. दुसऱ्या वर्षी ६२ सामन्यांत ५१ गोल, बरोबर १०० गुण. (गोल किंवा गोलला मदत, प्रत्येकी एक गुण.) तिसऱ्या वर्षी, २०२२-२३मध्ये, ५७ सामन्यांत ७१ गोल, ७२ असिस्ट, १४३ गुण. त्यात सलग ३५ सामने असे, की प्रत्येकात किमान एक गुण. त्या वर्षी तिन्ही ज्युनियर लीग मिळून सर्वोत्तम खेळाडू, सर्वाधिक गुण आणि ड्राफ्टसाठी सर्वोत्तम उमेदवार हे तिन्ही पुरस्कार त्यालाच. एका हंगामात तिन्ही घेणारा तो पहिलाच.

आता दुसरी बाजू. इतकं करूनही पॅट्स प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरची बाद फेरी) पहिल्याच फेरीत सास्काटूनकडून सात सामन्यांत हरले. त्या सात सामन्यांत बेडार्डचे २० गुण होते. म्हणजे एकट्याच्या जिवावर संघ कुठवर जातो याचा अनुभव त्याने शिकागोला येण्याआधीच घेतला होता.

६. जागतिक ज्युनियर स्पर्धेत त्याचे गोल १७ की १३? दोन्ही आकडे दिसतात.

दोन्हींमागे कारण आहे. २०२२ची स्पर्धा डिसेंबर २०२१च्या अखेरीस सुरू झाली. दुसऱ्या सामन्यात, ऑस्ट्रियाविरुद्ध, सोळा वर्षांच्या बेडार्डने चार गोल केले. लगेचच करोनामुळे स्पर्धा रद्द झाली. तीच स्पर्धा ऑगस्ट २०२२मध्ये एडमंटनला पहिल्या सामन्यापासून नव्याने खेळवली आणि कॅनडाने सुवर्ण जिंकलं. बेडार्डचे तिथे ४ गोल, ४ असिस्ट.

मग आली २०२३ची स्पर्धा. ती मुळात रशियात व्हायची होती, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर काढून घेतली आणि हॅलिफॅक्स-मॉंक्टनला दिली. तिथे ७ सामन्यांत ९ गोल, १४ असिस्ट, २३ गुण. एका स्पर्धेत कॅनडासाठी सर्वाधिक गुणांचा जुना विक्रम १८चा होता. स्लोव्हाकियाविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत जादा वेळेत विजयी गोल त्याचाच. अंतिम सामन्यात कॅनडाने चेकियाला जादा वेळेत ३-२ हरवलं आणि बेडार्ड स्पर्धेचा मानकरी ठरला.

कॅनडाच्या विक्रमांच्या यादीत रद्द झालेल्या स्पर्धेतले दोन सामनेही धरले आहेत: ४ + ४ + ९ = १७ गोल आणि एकूण ३६ गुण. ते दोन सामने वगळले तर १३ आणि ३१. जॉर्डन एबर्लीचा १४ गोलांचा आणि एरिक लिंड्रॉसचा ३१ गुणांचा विक्रम त्याने मोडला असं म्हणतात ते पहिल्या मोजणीने. वगळून मोजलं तर गोलांचा विक्रम एबर्लीकडेच राहतो आणि लिंड्रॉसशी फक्त बरोबरी होते. माझं मत विचाराल तर गोल बर्फावर, खऱ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध झालेत. पुढे स्पर्धा बंद पडली यात मुलाचा काय दोष?

७. शिकागोने त्याला विकत घेतलं का?

नाही. एनएचएलमध्ये नव्या खेळाडूंवर बोली लागत नाही. आपल्या आयपीएलच्या लिलावाची कल्पना इथे डोक्यातून काढून टाका. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट. प्लेऑफ हुकलेल्या संघांमध्ये पहिल्या क्रमांकासाठी लॉटरी निघते. यंत्रात १४ क्रमांकित चेंडू, त्यांतले चार बाहेर येतात. अशा १,००१ जोड्या होतात. एक बाद धरतात आणि उरलेल्या हजार जोड्या या संघांमध्ये वाटतात, तळच्या संघाला सर्वांत जास्त. ८ मे २०२३ला लॉटरी निघाली तेव्हा तळाला असलेल्या अ‍ॅनाहाइमची शक्यता १८.५ टक्के होती, शिकागोची ११.५. नशीब शिकागोचं निघालं. २८ जून २०२३ला नॅशव्हिलमध्ये नाव पुकारलं गेलं.

निव्वळ नशीबही म्हणवत नाही. शिकागोने २०२२च्या उन्हाळ्यात डेब्रिंकॅट आणि डाक या तरुणांना सोडलं, फेब्रुवारी २०२३मध्ये पॅट्रिक केनलाही न्यूयॉर्कला धाडलं. संघ हरावा अशीच बांधणी होती. हे नियमात बसतं, पण तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला ते कसं वाटत असेल, हा प्रश्न उरतोच.

८. त्याचा पहिला सामना आणि पहिला गोल कधी? शताब्दीशी काही संबंध आहे म्हणतात.

पहिला सामना १० ऑक्टोबर २०२३, पिट्सबर्गला. समोर पिट्सबर्गचा दिग्गज सिडनी क्रॉस्बी. शिकागो ४-२ने जिंकलं, बेडार्डच्या खात्यात एक असिस्ट.

पहिला गोल दुसऱ्याच दिवशी, बॉस्टनमध्ये. आणि ती संध्याकाळ साधी नव्हती. बॉस्टन ब्रुइन्सच्या शंभराव्या हंगामाचा तो सलामीचा सामना होता. बॉबी ऑरसह क्लबचे जुने दिग्गज समारंभाला आले होते. प्रेक्षक त्यांच्यासाठी जमलेले, आणि पहिल्याच भागात पाहुण्या संघातल्या अठरा वर्षांच्या पोराने गोलच्या मागून वळसा घालून पक गोलरक्षक लिनस उलमार्कच्या कडेने आत सरकवला. सामना बॉस्टननेच ३-१ जिंकला. पण आज त्या तारखेला दोन गोष्टींसाठी आठवतात, आणि त्यातली एक यजमानांची नाही.

९. पहिल्या वर्षी दुखापत होऊनही पुरस्कार मिळाला?

हो. ५ जानेवारी २०२४ला न्यू जर्सीविरुद्ध ब्रेंडन स्मिथच्या धडकेत त्याचा जबडा मोडला. १४ सामने हुकले. १५ फेब्रुवारीला तो पूर्ण चेहरा झाकणारं कवच लावून परतला. ६८ सामन्यांत २२ गोल, ३९ असिस्ट, ६१ गुण. नवोदितांमध्ये गोल आणि गुण दोन्हींत पहिला. सर्वोत्तम नवोदिताच्या कॅल्डर ट्रॉफीसाठी ब्रॉक फेबर आणि ल्यूक ह्यूज यांना त्याने मागे टाकलं. शिकागोकडे आलेला हा दहावा कॅल्डर. त्याच्याआधी टोनी एस्पोझिटो, एड बेलफोर, पॅट्रिक केन, पॅनारिन यांनी तो घेतला होता.

दुसऱ्या वर्षी, २०२४-२५मध्ये, सगळे ८२ सामने खेळून २३ गोल, ४४ असिस्ट, ६७ गुण. आकडा वाढला, पण सामनेही १४ वाढले होते. सरासरी काढाल तर घसरण आहे. त्या हंगामात मध्येच प्रशिक्षक ल्यूक रिचर्डसन यांना काढलं आणि अँडर्स सोरेनसन यांनी तात्पुरती धुरा घेतली. २०२५च्या उन्हाळ्यात जेफ ब्लॅशिल आले. तीन वर्षांत तीन प्रशिक्षक पाहणाऱ्या पोराकडून सलग चढता आलेख मागणं जरा जास्तच.

१०. ‘नवोदित’ म्हणजे पहिल्या वर्षाचा कुणीही का?

नाही. आधीच्या कुठल्याही एका हंगामात २५हून जास्त सामने खेळलेले नसावेत, आधीच्या कुठल्याही दोन हंगामांत प्रत्येकी सहा किंवा जास्त खेळलेले नसावेत, आणि हंगामाच्या १५ सप्टेंबरला वय २६ पूर्ण झालेलं नसावं. वयाची अट १९९०नंतर आली. १९८९-९०च्या हंगामात सोव्हिएत संघाचा मुरलेला खेळाडू सर्गेई मकारोव एनएचएलमध्ये आला आणि एकतिसाव्या वर्षी ‘नवोदित’ म्हणून कॅल्डर घेऊन गेला. मग लोकांनी डोक्याला हात लावला.

११. ब्लॅकहॉक्सची सुरुवात कशी झाली?

१९२६मध्ये कॉफीच्या व्यापारातले फ्रेडरिक मॅकलॉफलिन यांनी शिकागोसाठी संघ घेतला. खेळाडू आणले पोर्टलंड रोझबड्समधून, कारण पश्चिमेची व्यावसायिक लीग त्याच वर्षी गुंडाळली होती. तिचंही नाव डब्ल्यूएचएलच, पण बेडार्ड खेळला ती लीग वेगळी, १९६६ची. मॅकलॉफलिन पहिल्या महायुद्धात ८६व्या डिव्हिजनमध्ये होते. तिला ‘ब्लॅकहॉक डिव्हिजन’ म्हणत, सॉक जमातीचा नेता ब्लॅक हॉक याच्या नावावरून. तेच नाव संघाला लागलं. १९८६पर्यंत ते दोन शब्दांत लिहीत. त्या वर्षी मूळ कागदपत्रांत एकच शब्द सापडला आणि तो कायम झाला. चिन्हावरच्या आदिवासी चेहऱ्याबद्दल जुना वाद आहे. २०२०मध्ये क्लबने नाव-चिन्ह ठेवलं, पण प्रेक्षकांना पिसांचे शिरपेच घालून यायला बंदी केली.

पहिला सामना १७ नोव्हेंबर १९२६ला शिकागो कोलिसियममध्ये, टोरंटो सेंट पॅट्रिक्सवर ४-१ विजय. हरलेला तो संघ तीनच महिन्यांनी नाव बदलून मेपल लीफ्स झाला. स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेत्याचा चषक, शिकागोकडे सहा वेळा: १९३४, १९३८, १९६१, २०१०, २०१३, २०१५. यांतला १९३८चा मला सर्वांत आवडतो. नियमित हंगामात १४ विजय, २५ पराभव अशी कामगिरी असलेला संघ, प्रशिक्षक बिल स्ट्युअर्ट मूळचे बेसबॉलचे पंच, आणि चषक तरीही त्यांचाच.

१२. १९२६ अधिक १०० म्हणजे २०२६. मग २०२५-२६ हा शंभरावा हंगाम कसा?

सर्वाधिक आलेला प्रश्न हाच. पुण्यात २०१७ साली सार्वजनिक गणेशोत्सवाचं १२५वं वर्ष साजरं झालं ते आठवा. १८९३ धरलं तर २०१७ला १२४ वर्षं पूर्ण होऊन १२५वं चालू होतं; पहिला गणपती बसला तेच पहिलं वर्ष. (१८९२ की १८९३, रंगारी की टिळक, या वादात आम्ही पडत नाही.) मंडळाच्या कमानीवर जे ‘वे वर्ष’ लिहिलेलं असतं, तोच हिशेब हे क्लब करतात.

१९२६-२७ हा पहिला हंगाम, १९२७-२८ दुसरा, असं मोजत गेलं की २०२५-२६ शंभरावा येतो. पण शंभर वर्षं पूर्ण होणार १७ नोव्हेंबर २०२६ला, म्हणजे १०१वा हंगाम सुरू झाल्यावर. हिवाळी खेळाचा हंगाम दोन कॅलेंडर वर्षांत पसरतो म्हणून गोंधळ आणखी वाढतो. ‘शंभरावा’ आणि ‘शंभर पूर्ण’ हे वेगवेगळे दिवस आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, एवढं धरून चाललं की झालं.

हीच रीत इतरत्र लावून बघा. मेमोरियल कप १९१९ला पहिला, म्हणून २०१८ला शंभरावा. एनएचएलची स्थापना मॉन्ट्रियलच्या विंडसर हॉटेलात २६ नोव्हेंबर १९१७ला झाली, म्हणून शंभरावा हंगाम २०१६-१७. लीगने मात्र अख्खं कॅलेंडर वर्ष २०१७ सोहळ्याचं केलं, १ जानेवारीला टोरंटोत उघड्या मैदानावर सामना घेऊन सुरुवात केली, आणि त्यामुळे दोन्ही मोजण्या एकाच वर्षात बसल्या. हुशारी म्हणतात ती ही.

१३. पण २००४-०५चा हंगाम झालाच नव्हता ना? मग शंभर कसे?

बरोबर पकडलंत. मालक आणि खेळाडू यांच्यात पगाराच्या कमाल मर्यादेवरून वाद झाला, मालकांनी टाळेबंदी केली, आणि १६ फेब्रुवारी २००५ला अख्खा हंगाम रद्द झाला. २०२५-२६ धरूनही शिकागोचे प्रत्यक्ष खेळलेले हंगाम ९९च भरतात. क्लब आणि लीग क्रमांक देताना रद्द वर्ष मोजतात. स्टॅनली कपवर जाऊन पाहाल तर २००४-०५पुढे हंगाम खेळला गेला नाही अशी ओळ कोरलेली आहे. १९१९च्या नोंदीतही मालिका अपुरी राहिल्याचं लिहिलंय, कारण इन्फ्लुएंझाच्या साथीने अंतिम मालिका मध्येच थांबवावी लागली होती. वर्ष रिकामं गेलं तरी धातूवरची जागा रिकामी ठेवली नाही.

आणि यातच बेडार्डचा धागा आहे. वाद मिटवणारा तात्पुरता समझोता झाला १३ जुलै २००५ला, मालकांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं २२ जुलैला, आणि मधे १७ जुलैला हा जन्मला. त्यानंतर तेरा दिवसांनी, ३० जुलैला, लांबलेल्या ड्राफ्टमध्ये क्रॉस्बी पहिला निवडला गेला. अठरा वर्षांनी पदार्पणात समोर तोच (प्रश्न ८).

१४. शिकागोबरोबर आणखी कुणाची शंभरी आहे?

न्यूयॉर्क रेंजर्स आणि डेट्रॉइट रेड विंग्जची. तिघे १९२६चे. पहिले सामनेही लागोपाठ: रेंजर्स १६ नोव्हेंबरला, शिकागो १७ला, डेट्रॉइट १८ला.

डेट्रॉइटचं प्रकरण किचकट आहे. त्यांचं नाव तेव्हा कूगर्स होतं, मग फाल्कन्स, आणि रेड विंग्ज १९३२पासून. शिवाय रिंक तयार नसल्याने पहिल्या हंगामातले घरचे सामने नदीपलीकडे, कॅनडातल्या विंडसर गावात झाले. ‘डेट्रॉइटमध्ये शंभर वर्षं’ असं कुणी लिहिलं तर शब्दशः ते खरं नाही; क्लबची शंभरी, शहराची नाही.

मॉन्ट्रियल कॅनेडियन्स यांच्याहून जुने, ४ डिसेंबर १९०९चे, म्हणजे लीगच्याही आधीचे. त्यांनी २००८-०९ हंगाम शताब्दीचा धरला आणि ४ डिसेंबर २००९ला शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा बॉस्टनला ५-१ने हरवलं.

१५. ‘ओरिजिनल सिक्स’ म्हणजे लीगचे पहिले सहा संघ का?

नाही, आणि हा गैरसमज अमेरिकेतही आहे. बॉस्टन, शिकागो, डेट्रॉइट, मॉन्ट्रियल, न्यूयॉर्क, टोरंटो हे सहाच संघ १९४२ ते १९६७ या काळात उरले होते, म्हणून ते नाव पडलं. १९१७ला शिकागो अस्तित्वातच नव्हतं.

१६. भारतीय हॉकीचीही शंभरी २०२५लाच झाली ना? तिथे मोजणी कशी?

भारतीय हॉकी महासंघ ७ नोव्हेंबर १९२५ला ग्वाल्हेरमध्ये स्थापन झाला आणि शताब्दीचा सोहळा ७ नोव्हेंबर २०२५ला झाला. म्हणजे ‘शंभर पूर्ण’ची मोजणी, शिकागोच्या उलट. त्यामुळेच १९२५ची संस्था आणि १९२६चा क्लब एकाच हिवाळ्यात शंभरीचे निघाले. ती हॉकी गवतावरची होती, ही बर्फावरची. दोन्ही संघटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

भारतात आइस हॉकी रुजली ती लडाखमध्ये, लष्कर आणि आयटीबीपीच्या संघांमुळे. २०२५मध्ये भारतीय महिलांनी संयुक्त अरब अमिरातीतल्या आशिया चषकात कांस्य जिंकलं. मराठी वर्तमानपत्रांत ती बातमी कोपऱ्यात गेली, म्हणून इथे मुद्दाम.

१७. इतका चांगला आहे तर त्याच्या नावापुढे उणे ४४ का?

हा प्लस-मायनसचा आकडा, २०२३-२४चा. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक. मेख अशी की समोरचा माणूस शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना आपण केलेले गोल यात धरत नाहीत, आणि बेडार्डची बरीच कमाई त्याच वेळची. त्यात संघ ८२पैकी २३ सामने जिंकणारा. आकडा त्याच्यापेक्षा संघाबद्दल जास्त सांगतो. तरी पूर्ण सोडवणूक करता येत नाही: बचावात तो कच्चा होता आणि सेंटरला जे फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांमध्ये टाकलेल्या पकसाठीची झटापट) जिंकावे लागतात त्यांतही मार खायचा.

१८. त्याचा करार कधीपर्यंत?

१७ जुलै २०२३ला, अठराव्या वाढदिवशी, त्याने नवोदितांचा ठराविक तीन वर्षांचा करार केला. मूळ वेतन वर्षाला साडेनऊ लाख डॉलर. २०२५-२६ हा त्यातला शेवटचा हंगाम, म्हणजे क्लबच्या शंभरीचाच. करार संपला म्हणून खेळाडू मोकळा होत नाही. या वयात हक्क क्लबकडेच राहतात आणि पुढचा करार वाटाघाटीने ठरतो.

१९. भारतात सामन्यांची तारीख एक दिवस पुढची का दिसते?

शिकागोत संध्याकाळी साडेसातला सामना सुरू झाला की आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे सात वाजलेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत त्यांची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा सकाळी सहा. बेडार्डचा पहिला गोल आपल्या घड्याळाने १२ ऑक्टोबर २०२३ला पहाटे झाला. रिगली फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर शिकागो २-६ने सेंट लुईसकडून हरलं तो सामना तिथे ३१ डिसेंबर २०२४चा, इथे १ जानेवारी २०२५चा.

नोंदी करताना सामना जिथे झाला तिथली तारीख घ्या. या पानावरही तीच घेतली आहे. १७ नोव्हेंबर २०२६ला शिकागोची शंभर वर्षं पूर्ण होतील तेव्हा पुण्या-मुंबईतून शुभेच्छा पाठवायच्या असतील तर १८ तारखेच्या सकाळी पाठवल्या तरी त्या वेळेवरच पोचतील.